‘जाऊ दे’ला रिफंड नसतो

‘जाऊ दे गं,’ आत्या म्हणाली आणि माझं डोकंच सटकलं.

तर झालं असं. माझी आत्या टिळकनगरची. चाळीसेक वर्षं तिथेच गेली, पण बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेल्यामुळे सध्या मुक्काम घाटल्याला, भाड्याच्या वन बीएचकेमध्ये. वय एकाहत्तर. तब्येत ठणठणीत, जीभ त्याहून ठणठणीत, फक्त कान तेवढे गेल्या दोन-तीन वर्षांत रुसलेत. टीव्हीचा आवाज एवढा मोठा, की मालिकेतल्या सासूचे टोमणे खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत पोचतात. म्हटलं, या वाढदिवसाला आत्याला कानाचं मशीन घेऊन द्यायचंच.

आता अशा वेळी आपण काय करतो? डॉक्टरकडे जातो? छे! आपण मोबाइल काढतो. बीकेसीतलं ऑफिस सुटल्यावर रिक्षात बसल्या बसल्या मी सर्च मारला. फोर पॉइंट थ्री स्टार, ‘रिचार्जेबल’, ‘नॉइज कॅन्सलेशन’, फोटोत पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं आणि खाली लाल अक्षरांत ‘फक्त २ शिल्लक’. किंमत १८,४९९ रुपये. कुर्ल्याचा सिग्नल सुटायच्या आत ऑर्डर प्लेस्ड! खोटं कशाला बोलू, मनात थोडा गिल्टही होता. चेंबूरमध्येच राहून महिना महिना तिच्याकडे जाणं होत नाही. म्हणून मग जरा महागातलंच घेतलं.

मशीन यायचीही गंमतच झाली. डिलिव्हरीवाला मुलगा दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला. ॲपवर मेसेज, ‘कस्टमर नॉट अवेलेबल’. कस्टमर घरातच होती हो, बेल ऐकू आली नाही! कानाला मशीन नाही म्हणून कानाचं मशीन घरात येत नाही. शेवटी तिसऱ्या खेपेला शेजारच्या काकूंनी ते घेतलं.

पहिले दहा दिवस आत्या खूश. अकराव्या दिवशी डाव्या कानातलं बंद. डबीत चार्जिंगला ठेवलं की उजव्याचा दिवा लागायचा, डाव्याचा नाही. आणि हे तिने मला कधी सांगितलं? आणखी चार दिवसांनी. ‘मला वाटलं, माझाच कान पुरता गेला,’ म्हणाली. चार दिवस ती बाई कुणाला काही न सांगता तशीच बसून होती. मशीन बिघडलं असेल, हे तिच्या मनातच आलं नाही. एवढ्या महागाचं मशीन, ते कसं बिघडेल?

रिटर्न विंडो होती सात दिवसांची.

मी चॅट उघडला. आधी ‘नमस्कार, मी तुमची काय मदत करू?’ म्हणणारा बॉट. त्याला अर्धा तास चार पर्यायांमधून निवडून दिलं. मग एक एक्झिक्युटिव्ह, मग दुसरा. प्रत्येकाला कहाणी पहिल्यापासून. चौथ्याने सांगितलं, ‘मॅडम, रिटर्न पीरियड संपला आहे. तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. या संभाषणाला तुम्ही किती स्टार द्याल?’

आत्या शेजारीच बसली होती. तिला अर्धवट ऐकू आलं असावं, चेहरा मात्र पूर्ण वाचता आला. तेव्हा ती म्हणाली, ‘जाऊ दे गं. तू मनापासून घेतलंस ना, पोचलं मला.’

मंडळी, हे ‘जाऊ दे’ प्रकरण मला गंभीरपणे घ्यावंसं वाटतं. कारण ते फक्त आत्याचं नाही. ऑफिसात विचारून बघा. एकीचा कुर्ता दुसऱ्याच रंगाचा आला, एकाच्या हेडफोनचा एक कान मुका, एकाचं कॅन्सल केलेलं तिकीट अजून ‘रिफंड इनिशिएटेड’वरच. सगळे महिन्याला चांगला पगार घेणारे, एक्सेलमध्ये पैशापैशाचा हिशेब लावणारे. विचारलं की उत्तर एकच. कोण भांडत बसणार? जाऊ दे.

पूर्वी ‘जाऊ दे’ म्हणणं इतकं सोपं नव्हतं. चेंबूर स्टेशनसमोरच्या दुकानातून इस्त्री आणली आणि ती तापली नाही, तर बाबा ती त्याच खोक्यात घालून परत जायचे. काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी असताना मुद्दाम मोठ्याने बोलायचे. मालक आधी कुरकुरायचा, मग चहा मागवायचा, मग इस्त्री बदलून द्यायचा. तिथे कायदा वगैरे काही नव्हता. होती ती दुकानदाराला वाटणारी चार गिऱ्हाइकांची लाज. ऑनलाइन दुकानात नेमका तो काउंटरच नाही. तुम्ही चॅटमध्ये कितीही मोठ्याने ओरडा, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जात नाही. आणि आपली गल्लत होते ती इथेच. चॅटवाल्याने ‘नाही’ म्हटलं, म्हणजे निकाल लागला असं आपण धरून चालतो. अहो, तो काउंटरवरचा पोऱ्या आहे, जज्ज नाही!

या दुकानाला काउंटर नसण्याचं दुसरं कारण म्हणजे दुकान कुणाचं, हेच धड ठरलेलं नव्हतं. आणि त्यात आपल्या मुंबईचाही एक चॅप्टर आहे. २००० साली अवनीश बजाज आणि सुविर सुजान यांनी इथे बाझी डॉट कॉम सुरू केली. कुणीही यावं, काहीही विकायला ठेवावं, बोली लावावी. ज्या काळात इंटरनेट लावलं की घरचा फोन एंगेज यायचा, त्या काळात हे म्हणजे सॉलिडच होतं. २००४ मध्ये अमेरिकेच्या इबेने ही कंपनी सुमारे पाच कोटी डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात साइटवर कुणीतरी एक आक्षेपार्ह क्लिप विकायला ठेवली आणि दिल्ली पोलिसांनी थेट बजाज यांना अटक केली. देशभर एकच चर्चा. माल ठेवणारा जबाबदार, की मांडव घालणारा? पुढे २००८ च्या दुरुस्तीत आयटी ॲक्टचं ७९ वं कलम बदललं आणि अटी पाळणाऱ्या मध्यस्थाला संरक्षण मिळालं. बजाज यांच्यावरची ती कारवाई २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली.

मांडववाल्याला दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात टाकू नये, हे रास्तच. पण ‘आम्ही फक्त प्लॅटफॉर्म’ हे वाक्य मग सगळ्यांनाच आवडायला लागलं. २००७ मध्ये फ्लिपकार्ट आली, २०१० मध्ये तिने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली आणि कार्ड घासायला घाबरणारे आपले काका-मामाही गिऱ्हाईक झाले. २०१३ च्या जूनमध्ये ॲमेझॉनने भारतातलं दुकान उघडलं, तेव्हा गोदाम निघालं ते आपल्या भिवंडीत. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि सुट्ट्या पैशांचीही कटकट संपली. खरेदीच्या वाटेतला एकेक खडा उचलला गेला. तक्रारीच्या वाटेतले तसेच राहिले.

खरं तर घरबसल्या ऑर्डर ही मुंबईला नवी गोष्ट नाही. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. टंचाईचे, भेसळीचे दिवस. शेजारपाजारच्या घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याच्या वाणसामानाची यादी भरून द्यायची, पंचायतीने एकगठ्ठा खरेदी करायची आणि ठरलेल्या दिवशी एखाद्या सभासदाच्या घरी माल उतरवून सगळ्यांनी वाटून घ्यायचा. आमच्या लहानपणी शेजारच्या काकूंच्या हॉलमध्ये तो माल यायचा आणि पोरांचं काम पिशव्या ओळखून ज्याच्या त्याच्या घरी पोचवणं. ती यादी म्हणजे आपलं आजचं ‘कार्ट’च! फरक एवढाच, की तूरडाळीत खडे निघाले तर त्याच हॉलमध्ये, त्याच चटईवर बसून तक्रार व्हायची आणि ती वहीत लिहिली जायची.

लिहिली जायची, हे महत्त्वाचं. आत्याच्या मशीनच्या भानगडीत मला जे काही कळलं, त्याचं सार हेच आहे. चॅट, फोन, रागाने केलेलं ट्वीट, हे सगळं बोलणं झालं. तक्रार वेगळी. तिला तारीख लागते, नंबर लागतो आणि कुणाच्या नावाने केली ते लागतं.

आणि कायदा आपल्या बाजूने किती आहे, हे वाचून तर मी उडालेच. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. लगेच २३ जुलैला ई-कॉमर्सचे वेगळे नियम निघाले. लॉकडाऊनचे दिवस, आपण तेव्हा घरी सॅनिटायझर आणि डालगोना कॉफीत दंग, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या नियमांनुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला एक ग्रीव्हन्स ऑफिसर नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. प्रत्येक तक्रारीला तिकीट नंबर. माल ज्याने विकला त्याचं नाव-पत्ता साइटवर हवा आणि खरेदीनंतर तुम्ही लेखी मागितलात तर जास्तीची माहितीही द्यायची.

आता नीट ऐका. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. हा नियम आहे. सात दिवसांची विंडो ही ‘रंग नाही आवडला हो’ म्हणणाऱ्यांसाठी कंपनीने दाखवलेली मेहेरबानी. अकराव्या दिवशी मुकं झालेलं मशीन ही सदोष वस्तू आहे, तिला त्या खिडकीतून जायची गरजच नाही. चौघांपैकी एकाही एक्झिक्युटिव्हने मला हे सांगितलं नव्हतं. का सांगतील?

(विंडोवरून आठवलं. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईच्या एका गृहस्थांनी चार बाटल्या माउथवॉश मागवला आणि खोक्यातून निघाला नवाकोरा स्मार्टफोन! बिचारे तो परत करायला गेले, तर माउथवॉश परत घेतला जात नाही म्हणून रिटर्नचं बटणच नाही. उलट २०१८ मध्ये पनवेलच्या एका तरुणाने ५५,००० रुपये भरून आयफोन मागवला होता, त्याला मिळाली कपडे धुण्याच्या साबणाची वडी. एकाच देशात दोन नशिबं.)

असो. मी काय केलं ते सांगते. सगळ्यात आधी साइटच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, ग्रीव्हन्स ऑफिसर शोधून काढला. त्याला ईमेल. ऑर्डर नंबर, बिल, मशीनचा फोटो, डबीचा एक दिवा लागतोय आणि एक नाही याचा पंधरा सेकंदांचा व्हिडीओ आणि चॅटचे स्क्रीनशॉट. आणि हो, जाहिरातीच्या पानाचाही स्क्रीनशॉट, कारण ही पानं रातोरात बदलतात. खाली एक वाक्य, ‘पूर्ण रक्कम परत हवी, कूपन नको.’ दुसऱ्या दिवशी पोच आली. निवारण मात्र आलं नाही. आठवड्याने आलं ते कूपन! ५०० रुपयांचं, तेही ३,००० च्या पुढच्या खरेदीवर. म्हणजे जखमेवर मीठ, आणि मीठही विकत.

मग नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन. नंबर १९१५. मराठी धरून १७ भाषांत चालते, व्हॉट्सॲपवरही तक्रार घेतात. हेल्पलाइनला डिसेंबर २०१५ मध्ये १२,५५३ कॉल आले होते आणि डिसेंबर २०२४ मध्ये १,५५,१३८. दहापटीहून जास्त! म्हणजे ‘जाऊ दे’ न म्हणणारेही वाढतायत म्हणायचे. मला डॉकेट नंबर मिळाला आणि तक्रार थेट कंपनीकडे गेली. या हेल्पलाइनला हजाराहून जास्त कंपन्या जोडलेल्या आहेत, त्यामुळे बऱ्याच जणांचं काम इथेच होतं. माझं झालं नाही. तीन आठवड्यांनी कंपनीने उत्तर दिलं, ‘ग्राहकाला पॉलिसी समजावून सांगितली आहे.’ बस्स. आणि हेल्पलाइनचं एक समजून घ्या, ती मध्यस्थी करते, हुकूम सोडू शकत नाही. हा काही तिचा दोष नाही. आपणच तिच्याकडून पोलिसाच्या दंडुक्याची अपेक्षा करतो.

इथे दोन मिनिटं परदेशात जाऊन येऊ, कारण हाच घोळ तिथेही झालाय. १९९९ मध्ये अमेरिकेत इबेवरची भांडणं ऑनलाइन सोडवायचा एक प्रयोग झाला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले प्राध्यापक ईथन कॅट्श आणि त्यांची मंडळी ईमेलवरून विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची समजूत घालायची. पुढे इबेने ही सगळी यंत्रणाच उभी केली. वर्षाला सहा कोटींच्या आसपास भांडणं मिटायची म्हणतात, आणि त्यातली बरीचशी कुणा माणसाचा हात न लागता. याउलट युरोपियन युनियनने २०१६ मध्ये मोठ्या थाटात सगळ्या सदस्य देशांसाठी एकच ऑनलाइन तक्रार मंच सुरू केला. साइट चकाचक, भाषा सगळ्या. बघायला लाखो लोक यायचे, पण व्यापारी उत्तरच द्यायचे नाहीत. शेवटी २० जुलै २०२५ ला तो मंच कायमचा बंद केला.

एक चाललं, एक बंद पडलं. का? मला विचाराल तर उत्तर पैशात आहे. २००२ पासून २०१५ पर्यंत पेपाल ही इबेचीच कंपनी होती. म्हणजे पंचाच्या हातात नुसती शिट्टी नव्हती, गल्लाही होता. निकाल लागला की पैसे इकडचे तिकडे. युरोपच्या मंचाकडे नुसती शिट्टी!

म्हणून खरेदी करताना पैसे कशाने भरतो, हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार महत्त्वाचं आहे. क्रेडिट कार्डाने भरले असतील आणि वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली, तर बँकेला सांगून चार्जबॅक मागता येतो. तिथे गल्ला बँकेच्या हातात असतो. पण त्याला मुदत असते, त्यामुळे लगेच कळवा. मी शहाणीने कॅशबॅक मिळतोय म्हणून वॉलेटमधून पैसे भरले होते. कॅशबॅक मिळाला १५० रुपये.

राहता राहिलं ग्राहक कमिशन. ‘कन्झ्युमर कोर्ट’ म्हणतो ते. कोर्ट म्हटलं की डोळ्यांसमोर काळे कोट, पिवळे कागद आणि अर्धा दिवस सुट्टी येते. पण आता तक्रार ऑनलाइन भरता येते. आधी २०२० पासून ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ ला त्याची जागा घ्यायला ई-जागृती पोर्टल आलं. मोबाइल नंबर, ओटीपी, तक्रार, कागदपत्रं, प्रतिज्ञापत्र, अपलोड. वकील हवाच असं नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. माझा एक रविवार गेला, आणि स्टेशनजवळच्या नोटरीकडे अर्धा तास.

पण खरी मजा पुढे आहे. जुन्या कायद्यात तक्रार करायची ती समोरच्या पार्टीचं ऑफिस असेल तिथे किंवा व्यवहार घडला असेल तिथे. आता ऑनलाइन व्यवहार घडला कुठे म्हणायचा? माझ्या रिक्षात, की कंपनीच्या सर्व्हरवर? नव्या कायद्याने हा वादच संपवला. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथेही तक्रार चालते. म्हणजे कंपनी गुरगावची असो नाहीतर बंगळुरूची, चेंबूरकराची मॅच होम ग्राउंडवर! आपलं होम ग्राउंड म्हणजे उपनगर जिल्ह्याचं कमिशन, बांद्रा पूर्वेला. सुनावणीला व्हिडीओ कॉन्फरन्सिंग मागायचीही सोय कायद्यातच आहे. नोटीस मिळाल्यावर उत्तर द्यायला कंपनीला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये जुन्या कायद्याच्या बाबतीत स्पष्ट केलं आणि नव्या कायद्यातही तीच मुदत आहे.

आता गुलाबी चष्मा काढू. कायदा म्हणतो, वस्तूची तपासणी लागणार नसेल तर निकाल तीन महिन्यांत. प्रत्यक्षात तीन महिन्यांत बऱ्याच वेळा तारीखच पुढची पडते. कमिशनांमधल्या जागा रिकाम्या राहतात, इतक्या की २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती. पोर्टलही ऐन वेळी रुसतं. माझं प्रतिज्ञापत्र तीनदा अपलोड करावं लागलं. माझ्या आत्याने एकटीने हे केलं असतं का? इंग्रजीत फॉर्म, पीडीएफ, ओटीपी, आणि तेही बेल ऐकू न येणाऱ्या माणसाने? अजिबात नाही. ‘डिजिटल’ म्हटलं की सगळं सगळ्यांसाठी सोपं झालं, असं जे आपण गृहीत धरतो ना, ते या एका गोष्टीवरच ओम फट् स्वाहा होतं. तिची तक्रार उभी राहिली कारण तिची भाची बीकेसीत लॅपटॉपवर बसते आणि तिला वेळेवर राग आला.

तरी सांगते, तक्रार नुसती दाखल झाल्याचा परिणाम काही औरच असतो. आमचं निकालापर्यंत गेलंच नाही. नोटीस पोचल्यावर दहा-बारा दिवसांत फोन. या वेळी बॉट नाही, एक अतिशय सभ्य आवाजाची बाई. ‘मॅडम, एवढं वाढवायची काही गरज नव्हती.’ मी म्हटलं, मलाही नव्हती. पूर्ण रक्कम आणि वर कागदपत्रांच्या खर्चाचे हजार रुपये. मी ते ईमेलवर लिहून मागितलं, पैसे खात्यात आले, मग तडजोड झाल्याचं कमिशनला कळवलं. पहिल्या चॅटपासून शेवटच्या एसएमएसपर्यंत चार महिन्यांना दोन दिवस कमी.

एकेकट्याने लढायचं नसेल अशाही काही गोष्टी असतात. त्यांच्यासाठी जुलै २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. २०२२ मध्ये या प्राधिकरणाने दर्जाचे निकष न पाळणारे प्रेशर कुकर विकू दिले म्हणून ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी एक लाखाचा दंड ठोठावला. पहिलीवर २,२६५ आणि दुसरीवर ५९८ कुकर विकले गेले होते. ते परत घ्या, गिऱ्हाइकांचे पैसे द्या, असाही आदेश होता. दंडाची रक्कम तशी किरकोळ, पण ‘आम्ही फक्त मांडव घातला’ हे उत्तर तिथे पुरेसं ठरलं नाही. आणि ते ‘फक्त २ शिल्लक’ आठवतंय? नोव्हेंबर २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने अशा १३ चलाख्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. खोटी घाई, कार्टमध्ये गुपचूप सरकवलेला विमा, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लाजवणारं बटण, सगळं त्यात आहे. तुमच्या ॲपवर अजून दिसतंय? मग स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ ला कळवा.

एक धोक्याची घंटा वाजवून ठेवते. रिफंडसाठी गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. वर दिसणारा नंबर कित्येकदा भामट्याचा असतो. रिफंड द्यायला कुणालाही तुमचा पिन लागत नाही, की स्क्रीन शेअर लागत नाही. आमच्या सोसायटीतले एक काका ८०० रुपयांच्या परताव्यापायी चाळीस हजार घालवून बसले. असं काही झालं तर ते ग्राहकाचं भांडण राहत नाही, सरळ गुन्हा होतो. तिथे नंबर १९३०, आणि जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

आणि आत्या? पैसे आल्यावर मी आधी करायला हवं होतं ते शेवटी केलं. तिला बांद्रा रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत घेऊन गेले. तिथे तिचे कान नीट तपासले. उजवा बरा, डावा जास्त गेलेला, म्हणजे दोन्हीला एकच सेटिंग चाललंच नसतं. माझं ते फोर पॉइंट थ्री स्टारवालं मशीन धड असतं तरी निम्मंच उपयोगाचं ठरलं असतं. हे ऐकून मी गप्प. आत्या म्हणाली, ‘जाऊ दे गं.’ हे ‘जाऊ दे’ मात्र मी निमूट ऐकून घेतलं.

नवीन मशीन लागलं. मापाचं, दोन्ही कानांना वेगवेगळं. घाटल्याच्या घरी आलो, तिने हौसेने खिडकी उघडली. समोरच्या प्लॉटवरही रीडेव्हलपमेंट सुरू आहे, पायलिंगचं मशीन धडाधडा चाललेलं, त्यात मिक्सर ट्रकचं रिव्हर्सचं म्युझिक. मिनिटभर ती ऐकत उभी राहिली.

‘अगं, रोज एवढा आवाज असतो?’

मी म्हटलं, असतो.

तिने दोन्ही मशीन काढली, डबीत ठेवली, दोन्हीकडचे हिरवे दिवे लागल्याची खात्री केली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.